न्यूयॉर्क सिटी कौन्सिलच्या प्रमाणशीर निवडणुका (१९३७–१९४५)

न्यूयॉर्क शहराच्या सिटी कौन्सिलसाठी १९३७, १९३९, १९४१, १९४३ आणि १९४५ साली पसंतीक्रमानुसार झालेल्या पाच निवडणुका. प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या या प्रकाराला एकल संक्रमणीय मतपद्धती म्हणतात. मतदार उमेदवारांच्या नावांपुढे १, २, ३ असे पसंतीचे अंक लिहितो. ठरावीक कोटा गाठणारा उमेदवार निवडून येतो. विजयी उमेदवाराची कोट्यापेक्षा जादा ठरलेली आणि बाद उमेदवारांना पडलेली मते पुढच्या पसंतीकडे वळतात. महाराष्ट्रात विधान परिषद व राज्यसभेच्या निवडणुका याच पद्धतीने होत असल्याने ‘कोटा’ आणि ‘दुसऱ्या पसंतीची मते’ हे शब्द वृत्तपत्रांच्या वाचकांना परिचित आहेत. जून २०२२ मध्ये राज्यसभेच्या महाराष्ट्रातील सहाव्या जागेचा निर्णय दुसऱ्या पसंतीच्या मतांवर लागला होता. तेथे मतदार आमदार असतात आणि मोजणी काही तासांत संपते. न्यूयॉर्कमध्ये हीच पद्धती लाखो सामान्य मतदारांच्या हाती दिली गेली, आणि हेच या प्रयोगाचे महत्त्व आहे.

पूर्वपीठिका : १८९८ मध्ये मॅनहॅटन, ब्रुकलिन, ब्राँक्स, क्वीन्स व स्टेटन आयलंड हे पाच बरो (शहराचे प्रशासकीय विभाग) मिळून बृहन्न्यूयॉर्क अस्तित्वात आले. त्याच्या नगरशासनात १९०२ पासून बोर्ड ऑफ आल्डरमेन हे एकच विधिमंडळ होते. त्याचे सदस्य एकसदस्यीय प्रभागांतून निवडले जात आणि त्यावर डेमोक्रॅटिक पक्षाच्या टॅमनी हॉल या संघटनेची व तिच्या शेजारच्या बरोंतील भाऊबंदांची पकड असे. १९३५ च्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाला सुमारे दोन-तृतीयांश मते आणि ६५ पैकी ६२ जागा मिळाल्या. म्हणजे ज्या एक-तृतीयांश मतदारांनी अन्य पक्षांना मते दिली, त्यांच्या वाट्याला अवघे तीन सदस्य आले. त्याआधी माजी न्यायाधीश सॅम्युएल सीबरी यांच्या चौकशीतून शहराच्या कारभारातील भ्रष्टाचार चव्हाट्यावर आला होता. महापौर जिमी वॉकर यांनी १ सप्टेंबर १९३२ रोजी राजीनामा दिला आणि १९३३ च्या निवडणुकीत फिओरेलो ला गार्डिया महापौर झाले. थॉमस थॅचर यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने शहराची नवी सनद (कारभाराचा मूलभूत कायदा) तयार केली आणि नोव्हेंबर १९३६ मध्ये ती मतदारांपुढे ठेवण्यात आली. प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचा प्रश्न सनदेपासून वेगळा विचारला होता. मतदारांनी दोन्हींना स्पष्ट बहुमताने संमती दिली. १ जानेवारी १९३८ पासून आल्डरमेनच्या जागी कौन्सिल आली.

पद्धतीचा उगम : या पद्धतीचे जनकत्व कोणाकडे, याविषयी एकमत नाही. इंग्रजी भाषक जगात तिला दीर्घकाळ ‘हेअर पद्धती’ म्हटले गेले. इंग्लंडमधील वकील टॉमस हेअर यांनी १८५७ च्या सुमारास तिची मांडणी केली आणि १८५९ मध्ये ती विस्ताराने प्रसिद्ध केली. जॉन स्टुअर्ट मिल यांनी तिचा जोरदार पुरस्कार केल्यामुळे ती सर्वदूर पोहोचली. मात्र डेन्मार्कमध्ये गणितज्ञ व अर्थमंत्री कार्ल आंद्रे यांनी १८५५ मध्येच पसंतीक्रम व कोटा यांवर आधारलेली पद्धती कायद्यात आणली होती आणि १८५६ च्या सुमारास ती प्रत्यक्ष वापरलीही गेली. हेअर यांना आंद्रे यांच्या कामाची माहिती असल्याचे दिसत नाही, त्यामुळे दोघांनी स्वतंत्रपणे ही कल्पना मांडली असे बहुतेक अभ्यासक मानतात.

काहीजण तिचे मूळ आणखी मागे, बर्मिंगहॅमचे शिक्षक टॉमस राइट हिल यांच्यापर्यंत नेतात. त्यांनी १८२१ मध्ये एका साहित्य-विज्ञान मंडळाच्या समितीसाठी मतांच्या गटवारीचा नियम सुचवला होता. त्यांचे पुत्र रोलंड हिल (टपाल सुधारणांमुळे प्रसिद्ध असलेले) यांनी दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वसाहतीसाठी त्याच धर्तीची तरतूद केली आणि १८४० मध्ये अ‍ॅडलेड शहराच्या पहिल्या महापालिका निवडणुकीत ती अमलात आली. मात्र अ‍ॅडलेडमध्ये मतदार एकत्र येऊन गट बनवीत आणि गटाची संख्या पुरी झाली की एक सदस्य पाठवीत. पसंतीचे अंक व मतांचे संक्रमण हे दोन्ही तेथे नव्हते. म्हणून तिला या पद्धतीची पूर्वज म्हणता येईल, पहिला नमुना म्हणणे मात्र ताणलेले वाटते. पसंतीक्रम, कोटा आणि संक्रमण ही तिन्ही अंगे एकत्र असणे हा निकष लावला, तर अग्रमान आंद्रे यांच्याकडे जातो. तरीही ज्या कल्पनेसाठी पुढे एवढी शहरे झगडली, तिचा पहिला स्पर्श एका नगरपालिकेच्या निवडणुकीलाच झाला, ही नोंद मोलाची आहे.

अमेरिकेत ही पद्धती शहरांच्या मार्गाने आली. ओहायोतील अ‍ॅशटॅब्युला शहराने १९१५ मध्ये ती प्रथम स्वीकारली. त्यानंतर बोल्डर, कॅलमझू, सॅक्रमेंटो, क्लीव्हलंड, सिनसिनाटी अशी शहरे तिच्याकडे वळली. मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२० मध्ये आणि कॅलिफोर्नियातील न्यायालयाने १९२२ मध्ये ती राज्यघटनेशी विसंगत ठरवली, तर ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये ती वैध मानली. प्रत्येक मतदाराला निवडल्या जाणाऱ्या सर्व पदांसाठी मत देण्याचा हक्क असतो. मग त्याचे एकच मत मोजले तर त्या हक्काचा भंग होतो का, हा वादाचा गाभा होता. न्यूयॉर्क राज्याच्या कोर्ट ऑफ अपील्स या सर्वोच्च न्यायालयाने १९३७ मध्ये पद्धतीच्या बाजूने निकाल दिला आणि त्याच वर्षी पहिली निवडणूक पार पडली.

स्थिर कोटा : न्यूयॉर्कचे वेगळेपण कोट्यात आहे, आणि आढाव्यांतून नेमके तेच बहुधा निसटते. या पद्धतीत सहसा जागांची संख्या आधी ठरलेली असते आणि कोटा पडलेल्या मतांवरून काढतात. हेन्री ड्रूप यांचे सूत्र असे : वैध मतांना जागांच्या संख्येत एक मिळवून येणाऱ्या आकड्याने भागावे आणि भागाकारात एक मिळवावा. राज्यसभेच्या मोजणीतही हेच तत्त्व आहे. न्यूयॉर्कच्या सनदेने हा क्रम उलटा केला. तेथे कोटा कायमचा ७५,००० मतांचा ठरवला आणि जागांची संख्या मतदानावर सोडली. प्रत्येक बरो हा एकच मतदारसंघ होता. तेथील वैध मतांना ७५,००० ने भागून येतील तेवढ्या जागा मिळत आणि शेष ५०,००० किंवा अधिक उरल्यास आणखी एक. समजा, एखाद्या बरोत ४,२०,००० वैध मते पडली, तर पाच जागा मिळून ४५,००० मते उरतात आणि जागा पाचच राहतात. तेथेच ४,२६,००० मते पडली, तर शेष ५१,००० होऊन सहावी जागा मिळते. स्टेटन आयलंडसारख्या लहान बरोला किमान एक सदस्य मिळेल अशी सोय होती.

यामुळे कौन्सिलचा आकार प्रत्येक निवडणुकीत बदलत गेला : १९३७ मध्ये २६, १९३९ मध्ये २१, १९४१ मध्ये पुन्हा २६, १९४३ मध्ये १७ आणि १९४५ मध्ये २३ सदस्य. महापौरपदाची निवडणूक त्याच दिवशी असे तेव्हा मतदान वाढे व सदस्यही वाढत. १९४३ मध्ये महापौराची निवडणूक नव्हती आणि असंख्य तरुण युद्धावर होते. जर्मनीच्या १९२० च्या निवडणूक कायद्यातही दर ६०,००० मतांमागे एक जागा असे सूत्र होते. ते पक्षांच्या याद्यांसाठी होते आणि न्यूयॉर्कचे व्यक्तींसाठी, म्हणून उसनवारीपेक्षा साधर्म्य म्हणणे अधिक रास्त. स्थिर कोट्याचा मोठा लाभ असा की लोकवस्ती ब्रुकलिन व क्वीन्सकडे सरकत असताना जागांच्या फेरवाटपाचा तंटाच उरला नाही. प्रभागांच्या सीमा आखण्याचे काम संपले आणि त्याबरोबर ती सोयीने आखण्याची संधीही.

मतदान व मोजणी : उमेदवारीसाठी पक्षांतर्गत प्राथमिक निवडणूक नव्हती. २,००० मतदारांच्या सह्यांचा अर्ज पुरेसा होता. त्यामुळे १९३७ मध्ये ब्रुकलिनच्या मतपत्रिकेवर शंभराच्या आसपास नावे झाली. इतर पदांसाठी खटक्याची मतदान यंत्रे होती, पण त्यांवर पसंतीचे अंक देता येत नसल्याने कौन्सिलसाठी वेगळी कागदी मतपत्रिका वापरावी लागे. महापौरासाठी यंत्राची कळ दाबून झाल्यावर मतदार ती लांबलचक पत्रिका घेऊन नावे शोधत अंक लिहीत असे. मतपत्रिका बरोतील एका मध्यवर्ती ठिकाणी आणून फेरीफेरीने मोजल्या जात. सर्वांत कमी मतांचा उमेदवार बाद झाला की त्याच्या गठ्ठ्यातील प्रत्येक पत्रिका पुन्हा उघडून पुढची पसंती पाहिली जाई. संक्रमणात मूळ पत्रिकाच हलवली जाई. मताचे अपूर्णांकी मूल्य काढण्याची रीत भारतातील राज्यसभा निवडणुकीत आहे, न्यूयॉर्कमध्ये नव्हती. पहिल्या मोजणीला काही आठवडे लागले आणि विरोधकांना टीकेचे आयते साधन मिळाले. पुढील मोजण्या सरावाने लवकर आटोपल्या, पण पहिल्या वेळची नाचक्की लोकांच्या स्मरणातून गेली नाही.

निवडणुकांचे फलित : १९३७ मध्ये डेमोक्रॅटिक संघटनेला सुमारे ४७ टक्के मतांवर २६ पैकी १३ जागा मिळाल्या. उरलेल्या १३ जागांवर अमेरिकन लेबर पार्टीचे पाच, रिपब्लिकन तीन, सिटी फ्यूजन या टॅमनीविरोधी सुधारणावादी पक्षाचे तीन आणि बंडखोर डेमोक्रॅट दोन असे सदस्य आले. ब्रुकलिनमधून निवडून आलेल्या जेनेव्हीव्ह अर्ल या कौन्सिलच्या पहिल्या महिला सदस्य होत. लेबर पार्टीच्या सदस्यांत भुयारी रेल्वे व बस कामगारांचे नेते माइक क्विल आणि यिद्दिश (पूर्व युरोपीय ज्यूंची भाषा) पत्रसृष्टीतील बी. चार्नी व्लाडेक होते. १९४१ मध्ये हार्लेमचे धर्मोपदेशक अ‍ॅडम क्लेटन पॉवेल धाकटे हे कौन्सिलचे पहिले कृष्णवर्णीय सदस्य झाले. त्याच वर्षी ब्रुकलिनमधून कम्युनिस्ट पक्षाचे पीटर काकिओनी निवडून आले. १९४३ मध्ये मॅनहॅटनमधून बेंजामिन डेव्हिस हे कृष्णवर्णीय कम्युनिस्ट सदस्य त्यांच्या जोडीला आले. १९४५ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाला सुमारे ५९ टक्के मते आणि २३ पैकी १४ जागा मिळाल्या. दहा वर्षांपूर्वीच्या ६२ व ३ या आकड्यांशेजारी हे आकडे ठेवले की पद्धतीने आपले काम चोख केले, हे मान्य करावे लागते.

कौन्सिलचे अधिकार मात्र बेताचे होते. अंदाजपत्रकात तिला कपात करता येई, वाढ करता येत नसे. पैशाचे व जमिनीचे मोठे निर्णय महापौर व बरोंचे अध्यक्ष ज्यात बसत त्या बोर्ड ऑफ एस्टिमेटकडे होते. त्यामुळे ‘प्रमाणशीर कौन्सिलने शहरासाठी काय केले’ या कसोटीवर तिला जोखताना तिच्या हाती काय दिले होते, हेही पाहणे न्याय्य ठरते.

रद्द होणे : पद्धती हटवण्याचे प्रयत्न पहिल्या निवडणुकीनंतर लगेच सुरू झाले. १९३८ मध्ये राज्यघटनेतच तिला मनाई करणारी दुरुस्ती मांडली गेली व राज्यभरच्या मतदारांनी ती फेटाळली. १९४० मध्ये शहरातील प्रस्तावही पडला. ४ नोव्हेंबर १९४७ रोजी मात्र ती मोठ्या फरकाने रद्द झाली. कारणांविषयी दोन मते आहेत. एका मताप्रमाणे शीतयुद्धाच्या सुरुवातीची कम्युनिस्टविरोधी लाट निर्णायक ठरली. प्रचारात पद्धतीचा संबंध थेट मॉस्कोशी जोडला गेला होता आणि कौन्सिलमधील दोन कम्युनिस्ट हा त्याचा पुरावा म्हणून पुढे केला जात होता. दुसऱ्या मताप्रमाणे खरे कारण पक्षसंघटनांचा स्वार्थ हे होते, कम्युनिस्टांचा बागुलबुवा केवळ निमित्त. १९३८ व १९४० मधील प्रयत्न ही भीती शिगेला पोहोचण्यापूर्वीचे आहेत आणि १९४७ मध्ये रिपब्लिकन संघटनाही विरोधात उतरली, हे पाहता दुसरे मत अधिक पटते. लाटेने पक्षसंघटनांना हवी ती वेळ मिळवून दिली, इतकेच.

मतदानानंतर दोन दिवसांतच काकिओनी यांचे निधन झाले. रिकामी जागा त्याच पक्षाच्या व्यक्तीने भरावी असा सनदेचा संकेत असूनही कौन्सिलने कम्युनिस्ट पक्षाने सुचवलेल्या व्यक्तीला बसवून घेतले नाही. डेव्हिस यांना स्मिथ कायद्याखाली (सरकार बळाने उलथवण्याच्या प्रचाराला गुन्हा ठरवणारा कायदा) ऑक्टोबर १९४९ मध्ये दोषी ठरवल्यावर कौन्सिलमधून काढण्यात आले. त्याच वर्षी एकसदस्यीय २५ मतदारसंघांतून निवडणूक झाली. डेमोक्रॅटिक पक्षाने निम्म्याहून थोड्याच अधिक मतांवर २४ जागा जिंकल्या. एकमेव विरोधी सदस्य होते रिपब्लिकन स्टॅन्ली आयझॅक्स.

नंतरचा काळ : पसंतीक्रम शहरातून पूर्णपणे गेला नाही. १९७० पासून २००२ पर्यंत स्थानिक शाळा मंडळांच्या निवडणुका एकल संक्रमणीय मतानेच होत. कौन्सिलमध्ये १९९१ पासून ५१ सदस्य आहेत. नोव्हेंबर २०१९ च्या सनद दुरुस्तीनंतर पक्षांतर्गत प्राथमिक व पोटनिवडणुकांत पाचपर्यंत पसंती देण्याची मुभा मिळाली. जून २०२१ च्या प्राथमिक निवडणुकांत ती मोठ्या प्रमाणावर वापरली गेली आणि त्या वर्षी निवडून आलेल्या कौन्सिलमध्ये प्रथमच महिलांचे बहुमत झाले. शाहाना हनीफ व शेखर कृष्णन हे दक्षिण आशियाई वंशाचे पहिले सदस्यही तेव्हाच आले. मात्र ही एका जागेसाठीची पसंती आहे. तीत बहुमताचा उमेदवार शोधला जातो, जागांचे प्रमाण साधले जात नाही, आणि नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत तर पसंतीक्रमच नसतो. २०२३ च्या निवडणुकीत ५१ पैकी ४५ जागा डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेल्या. अमेरिकेत कौन्सिलसाठी बहुसदस्यीय एकल संक्रमणीय मत दीर्घकाळ अखंड टिकवणारे शहर म्हणजे मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज. तेथे ही पद्धती १९४० च्या दशकाच्या आरंभापासून चालू आहे.