बंदूक काढून घ्यायला जायचं कोणी?

अमेरिकेत बायकोला मारहाण करणाऱ्याने बंदूक बाळगायची नाही असा फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचा कायदा आहे, तोही 1994 पासून. तरी ती बऱ्याचदा कपाटातच राहते, आणि याचं एक मूळ पोलिसांच्या जुन्या सवयीत आहे.

1970 च्या आसपास तिथल्या पोलिसांना शिकवलंच जायचं की हे घरगुती भांडण, दोघांना वेगळं करा, नवऱ्याला जरा बाहेर फिरून यायला सांगा आणि निघा. जिथे अटकच टाळायची तिथे बंदुकीचं कोण विचारतंय. 1983 मध्ये कनेक्टिकटच्या टॉरिंग्टनमध्ये कितीतरी तक्रारी केलेल्या एका बाईला नवऱ्याने भोसकलं, पोलिस आल्यावर त्यांच्यादेखत लाथ घातली. तिने शहरावर केस केली, जिंकली, मग कुठे बरीच राज्यं अटक सक्तीची करायला लागली.

1994 ला ज्यांच्याविरुद्ध कोर्टाचा संरक्षण आदेश (बायको-मुलांना त्रास द्यायचा नाही असा) आहे त्यांना बंदूक बंद झाली, 1996 च्या लॉटनबर्ग दुरुस्तीने मारहाणीच्या किरकोळ गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांनाही. इथे गंमत बघा, यात पोलिसांना सूट नव्हती! बंदूक गेली की नोकरी गेली, म्हणून पोलिसांची संघटनाच कोर्टात गेली, 1998 ला जिंकली आणि 1999 ला त्याच कोर्टाने निकाल फिरवला. आणि 2003 मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या टकोमा शहराच्या पोलिस प्रमुखानेच पार्किंगमध्ये पोरांसमोर बायकोला गोळी घातली.

पण खरी भानगड वेगळीच. बंदूक ठेवणं गुन्हा एवढं कायद्यात आहे, ती आणायला कोणी जायचं, कधी, ठेवायची कुठे, काहीच नाही. लोकल पोलिस म्हणतात हे फेडरलचं काम, आमच्याकडे वॉरंट नाही, ठेवायला जागा नाही. आणि पिसाळलेल्या माणसाच्या दारात उभं राहून बंदूक मागायची भीती, ती काही खोटी नाही.

कोलोरॅडोत कॅसल रॉकला 1999 मध्ये एक आई संध्याकाळपासून पोलिसांना फोन करत होती, आदेश मोडून नवऱ्याने तीन मुली नेल्यात म्हणून. थोडं थांबा, येईल, हेच उत्तर. पहाटे सव्वातीनच्या सुमारास तो पोलिस स्टेशनवर आला, त्याच संध्याकाळी विकत घेतलेल्या बंदुकीने गोळ्या झाडत, आणि मुलींचे मृतदेह ट्रकमध्ये होते. 2005 ला सुप्रीम कोर्ट म्हणालं, आदेश पोलिसांकडून अंमलात आणून घेणं हा काही तिचा घटनात्मक हक्क नाही.

नंतर वॉशिंग्टन राज्याने 2014 मध्ये बंदूक जमा करायची प्रक्रिया लिहून काढली, तर मिसूरीने 2021 ला उलटंच केलं, फेडरल बंदूक कायदे राबवायला मदत करणाऱ्या पोलिस खात्याला 50,000 डॉलर दंड! कोर्टाने तो कायदा पाडला. 2024 ला रहिमी नावाच्या, असाच संरक्षण आदेश असलेल्या माणसाच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने 8-1 ने 1994 ची बंदी उचलून धरली, पण त्या केसमध्येही पोलिस त्याच्या खोलीत पोचले ते दुसऱ्याच गोळीबारांच्या तपासात. तिथे पिस्तूल सापडलं, रायफल सापडली आणि त्या संरक्षण आदेशाची कॉपीही.