निरपेक्ष दान (ख्रिस्ती परंपरा)

गरजवंताला परतफेडीची, कौतुकाची किंवा उपकाराच्या जाणिवेचीही अपेक्षा न ठेवता देण्याची वृत्ती. ख्रिस्ती धर्मजीवनात प्रार्थना व उपवास यांच्या बरोबरीने तिला स्थान आहे. ही वृत्ती सरावानेच अंगी बाणते. ठाणे आणि नवी मुंबईतील ख्रिस्ती समाजात तिचे धडे घरात, धर्मग्रामात (एका चर्चभोवतीच्या ख्रिस्ती समुदायात) व सणावारांतून मिळतात.

तिची मुळे बायबलच्या जुन्या करारात आहेत. शेताच्या कडेकोपऱ्यातले पीक कापू नये आणि सरवा (कापणीनंतर शेतात पडून राहिलेली कणसे) वेचू नये, तो गरीब व परक्यासाठी राहू द्यावा, अशी आज्ञा त्यातील लेवीय या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात आहे. रूथ ही परदेशी विधवा बवाजाच्या शेतात असाच सरवा वेचते. इथे घेणाऱ्याला कोणाच्या दारात हात पसरावा लागत नाही, तो आपल्या हाताने वेचून घेतो. त्याचा मान राखणारी याहून सुंदर तरतूद सापडणे कठीण. ठाण्यातील ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळच्या मराठी भाषक कॅथलिक, समाजाला हे शब्द परके वाटत नाहीत. भातशेती इमारतींखाली गेली, तरी ऑक्टोबरातल्या आगेरा या सुगीच्या सणाला भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन आशीर्वादित केल्या जातात.

येशूच्या शिकवणीतला या विषयाचा गाभा बायबलमधील लूककृत शुभवर्तमानाच्या १० व्या अध्यायातील शोमरोन्याच्या (शोमरोन प्रांतातल्या माणसाच्या) दाखल्यात, म्हणजे बोधकथेत, आहे. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या वाटेवर लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या माणसाला पाहून याजक आणि लेवी (मंदिराचा सेवक) बाजूने निघून जातात. ज्याला यहुदी तुच्छ मानत तो शोमरोनी मात्र थांबतो. जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधतो, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, रात्रभर शुश्रूषा करतो. सकाळी दोन दिनार, म्हणजे दोन दिवसांची मजुरी, मालकाच्या हाती ठेवून सांगतो की अधिक खर्च झाला तर परतताना देईन. जखमी कोण, कुठला, हे तो विचारत नाही. दाखला सांगितला जातो तो ‘माझा शेजारी कोण?’ या प्रश्नावर; शेवटी येशू ‘तूही जाऊन तसेच कर’ असे सांगतो. मंदिराच्या भांडारात दोन टोल्या (अगदी क्षुल्लक किमतीची नाणी) टाकणाऱ्या विधवेला तो सर्वांत मोठी दात्री ठरवतो, कारण बाकीच्यांनी शिलकीतून दिले आणि तिने पोटाचे दिले. उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये, ही त्याचीच ताकीद (मत्तयकृत शुभवर्तमान, अध्याय ६).

ठाण्यात या वृत्तीची एक फार जुनी खूण आहे. १३२१ मध्ये इथे उतरलेल्या थॉमस ऑफ टोलेंटिनो या धर्मप्रचारकाला व त्याच्या फ्रान्सिस्कन (संत फ्रान्सिसच्या संघातील) सोबत्यांना गावातल्या नेस्टोरियन या पूर्वेकडील जुन्या पंथाच्या ख्रिस्ती कुटुंबाने आपल्या घरी आसरा दिला होता. ते पाहुणे पुढे ठाण्यातच मारले गेले. आसरा देणाऱ्यांची नावे इतिहासात फारशी कोणी शोधत नाही, पण आदरातिथ्याचा हा वारसा हुतात्म्यांच्या स्मृतीइतकाच मोलाचा मानायला हवा.

संघटित शिक्षणाचे उदाहरण म्हणून सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी या गरिबांना मदत करणाऱ्या कॅथलिक संस्थेकडे पाहता येते. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या विद्यार्थी मित्रांनी ती सुरू केली. गरिबांच्या घरी कसे जावे, हे त्यांना रोझाली रेंदू या सेवाव्रती सिस्टरने शिकवले. मुंबई महाधर्मप्रांतातील अनेक धर्मग्रामांत तिच्या शाखा आहेत. ठाणे, नवी मुंबई याच महाधर्मप्रांतात येतात. सभासद सहसा दोघे मिळून अडचणीतल्या कुटुंबाची घरी जाऊन भेट घेतात. आधी बसायचे, ऐकायचे, आजारपण, थकलेले भाडे, मुलांची फी समजून घ्यायची. रेशन किंवा औषध त्यानंतर. बैठकीत बंद पिशवी फिरते. कोणी किती टाकले हे शेजारी बसलेल्यालाही कळत नाही. नवशिक्या सभासदाला सर्वांत जड जाते ते उपदेश न करता ऐकणे, आणि खरी शिकवणी तिथेच होते.

उपवासकाळात, म्हणजे राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, मुलेही यात ओढली जातात: खाऊचे पैसे वाचवून डब्यात टाकणे हा त्यांचा पहिला धडा. दानासोबत फोटो काढून फिरवण्याची अलीकडची सवय मत्तय ६ च्या सरळ विरोधात जाते. अशा दानाचे जवळचे उदाहरण म्हणजे पनवेलनजीकचा सील आश्रम; तो रस्त्यावर बेवारस पडलेल्यांना उचलून आणतो, औषधपाणी करतो आणि घरचा पत्ता लागला तर त्यांना आपल्या माणसांत पोचवतो.