ई-मेल संग्रहांची स्वयंचलित वर्गवारी व दृश्य शोध

व्यक्तीच्या किंवा संस्थेच्या जुन्या ई-मेलची संगणकाकडून वर्गवारी करून घेणे आणि तो साठा कालरेषा, आलेख किंवा नात्यांचे जाळे अशा रूपांत चाळणे. लेखकांच्या कागदपत्रांबरोबर ग्रंथालयांकडे आता पत्रव्यवहाराच्या एमबॉक्स फायलीही (अनेक ई-मेल एकत्र साठवणाऱ्या) येतात. हजारो संदेश एकेक वाचून सूची करणे अभिलेखपालाला शक्य नसते.

प्रत्येक संदेशाला स्वतंत्र ओळख-खूण असते आणि उत्तरात मूळ संदेशाची खूण नोंदली जाते. त्यावरून संभाषणाची साखळी जुळते, दुबार प्रती गळतात. एकाच माणसाचे चार पत्ते एका नावाखाली आणणे जास्त किचकट. मजकुरातील व्यक्ती, स्थळे व संस्था यांची नावे भाषाप्रक्रियेने वेचली जातात. रोमन लिपीत लिहिलेल्या मराठी पत्रांत, जिथे एकच नाव तीन तऱ्हांनी लिहिलेले असते, तिथे इंग्रजीवर घडवलेली साधने अडखळतात.

दृश्य मांडणीत 2006 चे ‘दमेल’ (Themail) हे साधन लक्षणीय आहे. दोन व्यक्तींच्या पत्रांतील ठळक शब्द ते महिन्यागणिक स्तंभांत मांडी आणि मागे वर्षाचे शब्द मोठ्या, फिक्या अक्षरांत दाखवी. अमेरिकेतील एमआयटी विद्यापीठाच्या ‘इमर्शन’ या साधनाने (2013) मजकुराला हातही लावला नाही. प्रेषक, प्राप्तकर्ते आणि वेळ एवढ्यावरच माणसांची वर्तुळे आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा उमटत. ‘आशय नाही, फक्त कोणी-कोणाला-केव्हा एवढा तपशील घेतो’ म्हणणाऱ्या कोणत्याही यंत्रणेकडे किती माहिती जाते, हे त्या चित्रात उघड दिसते.

खासगीपणाचा प्रश्न येथे दुय्यम मानता येणार नाही. ग्रंथालयाला पत्रे देणारा एक असतो. ज्यांची पत्रे त्यात आहेत, त्यांना कोणी विचारलेले नसते. एन्रॉन कंपनीच्या चौकशीत अमेरिकेच्या ऊर्जा नियामक आयोगाने 2003 मध्ये कर्मचाऱ्यांचे ई-मेल खुले केले, तेव्हा घरगुती पत्रेही जगासमोर आली. संशोधकांत प्रचलित असलेल्या प्रतीतून काही संदेश पुढे संबंधितांच्या विनंतीवरून काढावे लागले.

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयांनी ‘म्यूज’ या आधीच्या संशोधन-प्रणालीवरून विकसित केलेले ‘ईपॅड’ हे ई-मेल संग्रहांसाठीचे साधन त्यामुळेच महत्त्वाचे ठरते. कवी रॉबर्ट क्रीली यांचे ई-मेल त्यातून अभ्यासकांपुढे आले. पारख, प्रक्रिया, शोध आणि वाचन असे त्याचे चार विभाग आहेत. आरोग्य, पैसा, कौटुंबिक कलह अशा विषयांचे शब्दसंच लावून नाजूक पत्रे आधीच बाजूला काढता येतात. इंटरनेटवरच्या शोध-विभागात मजकूर झाकलेला राहतो, नावे तेवढी दिसतात. पूर्ण पत्र वाचण्यासाठी ग्रंथालयाच्या वाचनकक्षात जावे लागते.