सीनेच्या वाळूतील लोह आणि कुद्रेमुखची खाण

सीना नदीच्या कोरड्या पात्रात लोहचुंबक फिरवला की त्याला बारीक काळे कण चिकटून येतात आणि 'सोलापूरच्या जमिनीखाली लोखंडाची खाण आहे' हा समज पक्का होतो. ते कण मॅग्नेटाइट या लोहखनिजाचेच असतात, परंतु त्यावरून खाणीचा निष्कर्ष काढता येत नाही. आपल्या बेसाल्ट खडकात वजनाने सुमारे 10 टक्के लोह असले, तरी त्यातील बराचसा भाग सिलिकेट खनिजांत (सिलिकॉन व ऑक्सिजनच्या संयुगांत) बंदिस्त असतो आणि तो चुंबकाने वेगळा होत नाही.

कर्नाटकातील चिक्कमगळूरु जिल्ह्यातल्या कुद्रेमुख येथे मात्र कमी प्रतीच्या खडकातही मॅग्नेटाइटचे कण क्वार्ट्झच्या, म्हणजे वाळूच्या खनिजाच्या, कणांशेजारी सुटे होण्याजोगे होते. मॅग्नेटाइटच्या प्रत्येक तीन लोह-अणूंपैकी दोघांनी तीन-तीन इलेक्ट्रॉन गमावलेले असतात, तर तिसऱ्याने दोनच. स्फटिकातील जागांमुळे पहिल्या दोघांचे चुंबकत्व परस्परविरुद्ध दिशांना राहून एकमेकांना रद्द करते, तिसऱ्याचे शिल्लक उरते, आणि त्या शिलकीच्या बळावर हा कण चुंबकाकडे ओढला जातो. क्वार्ट्झमध्ये असे काहीच नसल्याने खडकाचे पीठ करून पाण्यात कालवले आणि चुंबकीय पिंपावरून नेले की लोह पिंपाला धरते व वाळू वाहून जाते. इतके सुंदर कारण समोर असताना शनीची पीडा टाळण्यासाठी काळ्या घोड्याच्या नालेची अंगठी विकत घ्यावी, याचे मला मनापासून वाईट वाटते. लोहाच्या गुणधर्मांत ग्रहदशेला कोठेही स्थान नाही.

या खाणीसाठी 1976 मध्ये सरकारी कंपनी स्थापन झाली. माल इराणला जायचा होता, पण 1979 च्या क्रांतीनंतर तो करार बारगळला आणि दुसरे ग्राहक शोधावे लागले. शुद्ध केलेले खनिज पाण्यात मिसळून सुमारे 67 किलोमीटर लांबीच्या नळातून मंगळुरूच्या बंदराकडे जाई.

मात्र हे सारे घडत होते भद्रा नदीच्या उगमाजवळ. सोलापुरात वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, तर त्या डोंगरांत त्याच्या दहापट. अशा पावसात उघड्या पडलेल्या उतारांची माती नदीत उतरणे अटळ होते. सर्वोच्च न्यायालयाच्या 2002 च्या आदेशानुसार 2005 च्या अखेरीस खाणकाम थांबले. चुंबकाने नाकारलेला चुरा मात्र तेथील लक्या धरणामागे साठवलेला असून, खाण बंद झाली तरी त्या धरणाची देखभाल थांबवता येत नाही.