शिशुआहाराची आंतरराष्ट्रीय मानके

शिशुआहाराची आंतरराष्ट्रीय मानके : आईच्या दुधाऐवजी किंवा त्याच्या जोडीने तान्ह्या व लहान मुलांना देण्यासाठी तयार केलेल्या पदार्थांचे घटक, शुद्धता व लेबल यांविषयी देशांनी मिळून ठरवलेले नियम. सोलापुरात ज्याला ‘डब्याचं दूध’ आणि ‘वरचं खाणं’ म्हणतात ती दोन्ही यांत मोडतात. नियमांचे प्रवाह मात्र दोन आहेत आणि त्यांची गल्लत नेहमी होते. पदार्थ कसा असावा हे अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांचा संयुक्त कोडेक्स ॲलिमेंटेरियस आयोग (थोडक्यात कोडेक्स) ठरवतो. तो कसा विकू नये हे जागतिक आरोग्य संघटनेची १९८१ ची संहिता सांगते. पहिल्या दालनात उत्पादक आत बसलेले असतात, दुसऱ्यात त्यांच्यावर बोट ठेवलेले असते.

कोडेक्सच्या उगमाबद्दल एकवाक्यता नाही. नाव लॅटिन असून अर्थ ‘अन्नसंहिता’. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात साधारणपणे १८९७ ते १९११ या काळात ‘कोडेक्स ॲलिमेंटेरियस ऑस्ट्रियाकस’ हा पदार्थवर्णनांचा संग्रह तयार झाला. त्याला कायद्याचे बळ नव्हते, तरी न्यायालये त्याचा आधार घेत. काही लेखक आजच्या आयोगाची वंशावळ इथूनच सुरू करतात आणि १९५० च्या दशकातील युरोपीय अन्नसंहितेचा प्रयत्न हा मधला दुवा मानतात. नावाचे ऋण स्पष्ट आहे. संस्थेची सलगता मात्र ताणून दाखवल्यासारखी वाटते. स्थापनेचे वर्षही कुठे १९६१, कुठे १९६२, तर कुठे १९६३ असे आढळते. अन्न व कृषी संघटनेचा ठराव नोव्हेंबर १९६१ चा, जिनीव्हातील संयुक्त परिषद ऑक्टोबर १९६२ ची, तर जागतिक आरोग्य सभेची (जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वोच्च सभेची) मान्यता आणि रोममधील पहिले अधिवेशन १९६३ चे. दोन्ही पालक संघटनांची संमती पूर्ण झाली ते १९६३ हेच वर्ष धरणे अधिक सयुक्तिक. भारत १९६४ मध्ये सदस्य झाला. आज १८८ देश आणि युरोपीय संघ सदस्य आहेत.

शिशुआहाराचे काम पोषण व विशेष आहारविषयक समितीकडे असून तिचे यजमानपद पहिल्यापासून जर्मनीकडे आहे. तिची मुख्य मानके क्रमांकांनी ओळखली जातात : ७२ (शिशुदुग्धपर्याय), ७३ (डबाबंद शिशुआहार), ७४ (धान्याधारित आहार), ही तिन्ही १९८१ ची, आणि १५६ (पुढच्या टप्प्याचे दूध), १९८७ चे. शेवटच्या मानकाचा जन्मच वादग्रस्त. सहा महिन्यांनंतरच्या बाळासाठी असे वेगळे दूध देण्याची गरज नाही, असे जागतिक आरोग्य सभेने १९८६ मध्ये ठरावात म्हटले, आणि पुढच्याच वर्षी कोडेक्सने त्याच दुधाचे मानक संमत केले. गरज नसलेल्या वस्तूलाही मानक असावे, कारण ती बाजारात आहेच, हा त्यामागचा युक्तिवाद. तो अगदीच फोल नाही. पण मानक मिळाले की वस्तूला प्रतिष्ठाही मिळते. या मानकाची सुधारित आवृत्ती २०२३ मध्ये मंजूर झाली. त्यात ६ ते १२ महिने व १ ते ३ वर्षे असे दोन भाग पडले. १९८१ च्या संहितेचा उल्लेख मानकात असावा की नाही, यावर बैठकांमागून बैठका गेल्या.

साखरेचा प्रश्न थोडा तपशिलात पाहण्याजोगा आहे. मानक ७४ प्रमाणे प्रथिनयुक्त, पाण्यात कालवायच्या धान्यपिठात वरून घातलेली साखर दर १०० किलोकॅलरीमागे ५ ग्रॅम, आणि दुधात कालवायच्या साध्या धान्यपिठात ७.५ ग्रॅमपर्यंत चालते. आकडे लहान दिसतात. एक ग्रॅम साखरेच्या ४ किलोकॅलरी धरल्या की त्यांचा अर्थ उलगडतो : एकूण ऊर्जेपैकी अनुक्रमे २० व ३० टक्के ऊर्जा वरच्या साखरेतून येऊ शकते. १०० ग्रॅम कोरड्या पिठात सुमारे ४०० किलोकॅलरी मानल्या, तर पहिल्या प्रकारात २० ग्रॅम साखर, म्हणजे चार लहान चमचे, नियमात बसते. थायलंडने २००६ मध्ये ३० टक्क्यांची मर्यादा १० वर आणण्याचा प्रस्ताव मांडला. अमेरिका व युरोपीय संघाच्या विरोधाने तो मागे पडला. एप्रिल २०२४ मध्ये पब्लिक आय ही स्विस संस्था व आयबीफॅन हे शिशुआहाराच्या विक्रीवर लक्ष ठेवणारे संस्थांचे आंतरराष्ट्रीय जाळे यांनी नेस्लेच्या सेरेलॅकची देशवार तुलना प्रसिद्ध केली. भारतातील उत्पादनांत दर वाढपामागे सरासरी २.७ ग्रॅम वरची साखर आढळली, तर स्वित्झर्लंडमध्ये ती नव्हती. आपण स्थानिक नियम व कोडेक्स पाळतो, असे कंपनीचे म्हणणे होते, आणि ते खोटे नव्हते. त्याच वर्षी कंपनीने भारतात रिफाइंड साखर न घातलेले प्रकार आणत असल्याचे जाहीर केले.

कोडेक्सच्या बैठकांत उद्योगांचा शिरकाव दोन वाटांनी होतो. उत्पादकांचे आंतरराष्ट्रीय संघ निरीक्षक म्हणून बसतात, तसे आयबीफॅनही बसते. ही वाट निदान उघडी असते. दुसरी वाट राष्ट्रीय शिष्टमंडळांतून जाते : खुर्चीपुढे पाटी देशाची आणि मागे सल्लागार कंपनीचा. १९८९ ते १९९१ मधील बैठकांच्या एका पाहणीत १४० हून अधिक कंपन्यांची हजेरी दिसली; लोकहितवादी संस्थांचे प्रतिनिधी होते २६. ही पाहणी जुनी असली तरी बैठकांचा प्रवासखर्च कोणाला परवडतो हे गणित बदललेले नाही. १९९५ पासून जागतिक व्यापार संघटना वादात कोडेक्सला प्रमाण मानते, त्यामुळे कोडेक्सपेक्षा कडक नियम करणाऱ्या देशाला शास्त्रीय कारणे द्यावी लागतात. ग्वाटेमालाचा अनुभव त्याच सुमाराचा. तिथल्या १९८३ च्या कायद्याने लेबलवर बाळाचे चित्र छापण्यास मनाई केली. गर्बर या अमेरिकी शिशुआहार कंपनीने आपले बोधचिन्ह असलेले बाळ हटवण्यास नकार दिला, व्यापारी कारवाईच्या धमक्या आल्या आणि अखेर १९९५ मध्ये आयात मालाला सूट मिळाली.

भारताने या बाबतीत कोडेक्सच्या पुढे पाऊल टाकले. १९८१ च्या संहितेवरील मतदानात ११८ मते बाजूने व विरोधात एकट्या अमेरिकेचे मत होते. भारताची राष्ट्रीय संहिता १९८३ ची. १९९२ च्या शिशुदुग्धपर्याय, दूधबाटल्या व शिशुआहार अधिनियमाने (अंमल १ ऑगस्ट १९९३) जाहिरात, नमुने, भेटवस्तू यांवर बंदी घातली. २००३ च्या दुरुस्तीने ती दोन वर्षांपर्यंतच्या सर्व शिशुआहाराला लागू केली. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडाचा आकडा वाचून कोणता उद्योग घाबरेल, हा प्रश्नच आहे. १९९२ च्या कायद्यात वरच्या अन्नाचे वय चार महिने होते, ते २००३ मध्ये सहा झाले. आश्वलायन गृह्यसूत्रात अन्नप्राशन सहाव्याच महिन्यात सांगितले आहे, आणि उष्टावण घालणाऱ्या घरांना हा बदल कधी बदल वाटलाही नसेल. घटकांचे नियम आता अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या विनियमांत आहेत.

सोलापूरच्या नवी पेठेतल्या एखाद्या औषधाच्या दुकानात डबा हातात घेतला, तर ग्वाटेमालाचा वाद तिथे मिटलेला दिसतो : बाळाचे चित्र नाही, आईचे नाही, आणि आईचे दूध बाळासाठी सर्वोत्तम हे वाक्य ठळक अक्षरांत. डब्यात जे नाही ते म्हणजे पाणी. दुधाची पावडर निर्जंतुक नसते. ती किमान ७० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात कालवावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात ते पाणी पिंपातले असते, आणि विड्या वळता वळता बाळ सांभाळणाऱ्या आईला दर वेळी आधण ठेवणे जमतेच असे नाही.

घरच्या अन्नाला कोडेक्समध्ये जागा आहे, पण कोपऱ्यातली. पूरक आहाराविषयीची १९९१ ची मार्गदर्शक तत्त्वे (सुधारित २०१३) मोड आणण्याच्या पद्धतीची दखल घेतात. मोड आलेल्या ज्वारी-नाचणीतील अमायलेज या विकराने घट्ट पेज पातळ होते, त्यामुळे तेवढ्याच वाटीत पीठ जास्त मावते. ज्वारीच्या दाण्यांना (१७२) व पिठाला (१७३) स्वतंत्र मानके १९८९ पासून आहेत.   भारतीय कायद्याची व्याख्या मात्र विकणारा लहान की मोठा हे पाहत नाही. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत एखाद्या बचत गटाने मोडाच्या पिठाच्या पुड्यांवर ‘सहा महिन्यांच्या बाळासाठी’ असे छापले, की तो पुडा कायद्याने शिशुआहार ठरतो, आणि त्याचा फलक ही बंदी असलेली जाहिरात.