मुरूड-जंजिरा सहल : प्रवाशांसाठी माहितीपत्रक

मराठवाड्यातून नोंदणी केलेल्या सर्व प्रवाशांना सप्रेम नमस्कार. हे माहितीपत्रक निघण्याआधी घरातल्या सर्वांनी एकदा वाचावे आणि ज्या वडीलधाऱ्यांना बारीक अक्षर दिसत नाही त्यांना वाचून दाखवावे, अशी विनंती आहे.

पहिली गोष्ट गावाच्या नावाची. आपण जात आहोत ते मुरूड रायगड जिल्ह्यातले आहे. लातूर-बार्शी रस्त्यावरचे आपले मुरूड कोणी मनात धरणार नाही, पण रत्नागिरी जिल्ह्यात दापोली तालुक्यातही समुद्रकाठी एक मुरूड आहे आणि खरी गफलत तिथे होते. आमच्या एका सहलीत पुण्याहून परस्पर येऊन मिळणार असलेल्या नातेवाइकांनी दापोलीच्या मुरूडला खोली घेतली आणि संध्याकाळी फोन करून आपली बस कुठे उभी आहे म्हणून विचारले. मधल्या खाड्यांमुळे रस्ता वळसा घेतो, त्यामुळे ती मंडळी दुसऱ्या दिवशी दुपारी आपल्यापर्यंत पोहोचली. म्हणून बाहेरून येणाऱ्या आपल्या माणसांना गावाचे नाव सांगताना ‘मुरूड-जंजिरा, जिल्हा रायगड’ असे पूर्ण सांगावे.

आमच्या सहलीत मुरूडला दोन मुक्काम का, असे बरेच जण विचारतात. अलिबाग, काशीद, मुरूड आणि श्रीवर्धन एका दिवसात उरकणाऱ्या सहली आहेत आणि त्या स्वस्तही पडतात. पण अशा सहलीत समुद्रातला जंजिरा किल्ला भर उन्हात पाहिला जातो, किनाऱ्यावर पोहोचेपर्यंत अंधार पडतो आणि समुद्र ज्या स्थितीत असेल त्या स्थितीत पाण्यात उतरावे लागते. समुद्रकाठच्या गावात दिवस घड्याळावर नव्हे, पाण्यावर आखावा लागतो, हे आम्ही स्वतः चुकून शिकलो. सुरुवातीच्या एका सहलीत आम्ही तिथी न पाहता राजपुरीला, म्हणजे किल्ल्याच्या होड्या सुटतात त्या गावी, पोहोचलो. पूर्ण ओहोटी लागलेली होती, किल्ल्याच्या दरवाज्याच्या खालच्या, एरवी पाण्यात असणाऱ्या पायऱ्या उघड्या पडल्या होत्या, त्यांवर शेवाळ आणि कालवांचे धारदार शिंपले होते. सत्तरीतल्या दोन आजींना तिथे उतरवण्याचे धाडस आम्ही केले नाही. त्या होडीतून किल्ला लांबून पाहून परत आल्या, आणि त्यांचे ते निमूट परतणे आम्हाला आजही बोचते.

भरती-ओहोटीचा हिशेब

आपल्याकडे नदीला पूर येतो आणि ओसरतो, पण समुद्राचे पाणी रोज दोनदा चढते आणि दोनदा उतरते. चंद्राच्या आणि काही अंशी सूर्याच्या ओढीने हे घडते. भरती पूर्ण झाल्यावर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते आणि चंद्र रोज उशिरा उगवतो त्याप्रमाणे भरतीची वेळही रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे कालची वेळ आज चालत नाही. पौर्णिमा आणि अमावास्येच्या सुमारास सूर्य-चंद्राची ओढ एका रेषेत येते, पाणी खूप चढते आणि खूप उतरते, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास हा चढउतार सर्वांत कमी असतो, त्याला कोळी भांग म्हणतात.

आपल्या कोकणपट्टीवर भरतीची वेळ काढण्याची एक जुनी, सोपी रीत आहे. तिथीच्या आकड्याला तीनने गुणावे आणि चाराने भागावे, येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची अंदाजी वेळ. चतुर्थीला चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे दुपारी तीन आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. नऊच्या सुमारास ओहोटी. एकादशीला हाच हिशेब सव्वाआठ देतो. शुद्ध पक्ष असो की वद्य, रीत एकच. अर्ध्यापाऊण तासाचा फरक पडू शकतो, म्हणून आम्ही छापील तक्ता पाहतोच, पण घरातल्या दिनदर्शिकेवर तिथी पाहून मुलांनी हा हिशेब आधी करून ठेवावा आणि किनाऱ्यावर गेल्यावर तो ताडून पाहावा. मागच्या सहलीत सहावीतल्या एका मुलीने वाळूत काठी रोवून पाणी काठीला कधी लागते ते टिपले होते. तिचा अंदाज वीस मिनिटांनी चुकला होता.

जंजिरा

मुरूडपासून सुमारे पाच किलोमीटरवर राजपुरी गाव आहे आणि तिथून शिडाच्या होडीने किल्ल्यावर जावे लागते. वारा शिडात भरला की होडी एका अंगाला कलते. पहिल्यांदा बसणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, पण ते कलणे होडीच्या चालण्याचाच भाग आहे. त्या वेळी उठून दुसऱ्या बाजूला जाऊ नये, नाखवा सांगेल तिथेच बसून राहावे. किल्ल्याचा मुख्य दरवाजा होडी अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. नुसती तटबंदी आणि बुरूज दिसत राहतात आणि एकाएकी दार समोर येते. उतरताना होडी पाण्यावर खालीवर होत असते. होडी वर आली की पाऊल टाकायचे, खाली जाताना नाही. नाखव्याचा हात धरावा, मोबाइल खिशात ठेवावा आणि लहान मूल स्वतः कडेवर घेऊन उडी मारू नये, ते हातोहात पलीकडे द्यावे.

हा किल्ला आपल्याला परका नाही, हे आम्हाला आवर्जून सांगावेसे वाटते. जंजिरा हे नाव बेट या अर्थाच्या ‘जझीरा’ या अरबी शब्दावरून आले. इथे आधी कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता, पुढे बेट अहमदनगरच्या निजामशाहीकडे गेले आणि सोळाव्या शतकात दगडी किल्ला उभा राहिला. त्याच निजामशाहीची एक राजधानी आपली दौलताबाद होती. किल्ला ज्यांच्या हाती राहिला ते सिद्दी मूळचे आफ्रिकेतले, म्हणजे हबशी. आणि १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवणारा, तिथे नहर आणणारा निजामशाहीचा कारभारी मलिक अंबरही इथिओपियातूनच आलेला होता. तो १६२६ मध्ये वारला आणि त्याची कबर खुलताबादला आहे. छत्रपती संभाजीनगरात भडकल दरवाज्याखालून रोज ये-जा करणाऱ्याला जंजिऱ्याच्या दारात उभे राहिल्यावर एकाच राजवटीचे दुसरे टोक दिसते. दाराच्या बाजूला हत्तींना पंजांत धरलेल्या शरभाचे, म्हणजे सिंहासारख्या काल्पनिक प्राण्याचे, शिल्प आहे. घाईत ते सर्वांच्या नजरेतून सुटते, म्हणून आम्ही तिथे मुद्दाम थांबतो.

औसा, परांडा, उदगीर, कंधार हे आपले भुईकोट ज्यांनी पाहिले आहेत त्यांना खंदकाचे महत्त्व सांगावे लागत नाही. जंजिऱ्याला खंदक खणावा लागला नाही, समुद्रच त्याचा खंदक आहे, आणि हा खंदक रोज दोनदा उंची बदलतो. शिडी कुठे लावायची, होडी कुठे बांधायची, दगड किती खोल टाकायचा, याचा हिशेब दर काही तासांनी बदलत असे. मराठ्यांना हा किल्ला जिंकता आला नाही. १६८२ च्या सुमारास छत्रपती संभाजी महाराजांनी किनाऱ्याकडून समुद्रात भर घालून बेटापर्यंत वाट करण्याचा प्रयत्न केला, पण मोगली फौजा स्वराज्यात उतरल्याने तो अर्धवट सोडावा लागला. जंजिरा संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला मराठवाडाही हैदराबादच्या निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला.

आत कलालबांगडी ही मोठी तोफ आणि तिच्या सोबतच्या तोफा पाहाव्यात, वाड्याचे उभे राहिलेले अवशेष पाहावेत. पण आम्हाला विचाराल तर सर्वांत जास्त वेळ गोड्या पाण्याच्या दोन तलावांपाशी द्यावा. चहूकडे खारे पाणी आणि मध्ये हे बांधीव तलाव. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी ज्या लातूरकरांनी रांगेत उभे राहून भरले, त्यांना या किल्ल्याचे खरे बळ तोफांत होते की तलावांत, हे समजायला फार वेळ लागणार नाही. तलावात उतरू नये आणि काहीही टाकू नये. किल्ल्यात सावली थोडी आहे, म्हणून टोपी आणि माणशी एक लिटर पाणी बरोबर घ्यावे.

पद्मदुर्ग आणि गाव

मुरूडच्या किनाऱ्यावरून समुद्रात दिसतो तो पद्मदुर्ग. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७० च्या दशकात कासा बेटावर तो बांधून घेतला आणि त्याविषयी त्यांच्या पत्रात ‘राजपुरीच्या उरावरी दुसरी राजपुरी’ असे शब्द आहेत. जंजिऱ्यासारख्या ठरावीक फेऱ्या तिकडे जात नाहीत, त्यामुळे तो आमच्या सहलीच्या कार्यक्रमात नाही. परंतु समुद्र शांत असेल आणि होडी ठरली, तर ज्यांचे गुडघे चांगले आहेत त्यांनी अवश्य जावे. तिथल्या तटात एक गोष्ट अशी आहे की ती हात लावूनच कळते. लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्याने दगड झिजून आत गेले आहेत, पण दगडांमधला चुना तसाच बाहेर उभा आहे. मधमाशीच्या पोळ्यासारखी भिंत दिसते. दगडाच्या जागी बोटे आत जातात आणि चुन्याची कड बोटांना लागते. घर बांधताना आपण दगड पक्का मानतो आणि दगडांमधले सांधे कच्चे. इथे साडेतीनशे वर्षांनी उलटे झालेले आहे.

गावात नवाबाचा राजवाडा आहे. ती खासगी मालमत्ता आहे, आत प्रवेश नाही. रस्त्यावरूनच पाहावा आणि फाटकाशी गर्दी करू नये. राजपुरीजवळच्या खोकरी येथे सिद्दींच्या घुमटाकार कबरी आहेत, खुलताबाद पाहिलेल्यांना त्यांची ओळख पटेल. फणसाड अभयारण्य पूर्वी जंजिऱ्याच्या नवाबांचे शिकारीचे रान होते आणि १९८६ मध्ये ते अभयारण्य झाले. शेकरू दिसण्याची शक्यता सकाळी लवकर असते, तीही गप्प चालणाऱ्यालाच. एकदरा या कोळीवाड्यातून चालताना वाळत घातलेल्या मासळीवरून पाय टाकू नये आणि वासाने नाकाला पदर लावू नये. ज्वारीच्या खळ्यावर बाहेरच्याने तसे केले तर आपल्याला जसे वाटेल, तसेच त्यांना वाटते.

पाण्यात उतरण्याविषयी

या भागात आम्ही कडक आहोत आणि राहणार. फेब्रुवारी २०१६ मध्ये पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी मुरूडच्या याच किनाऱ्यावर बुडाले. आपल्याकडची मुले विहिरीत आणि बारवेत पोहायला शिकतात आणि पट्टीची पोहतात, पण विहिरीचे पाणी माणसाला ओढत नाही. समुद्राचे ओढते, आणि ओहोटीला ते आत, खोल पाण्याकडे ओढते. म्हणून आमच्या सहलीत पाण्यात उतरण्याची वेळ भरती चढत असतानाचीच असते, गुडघ्यापर्यंतच, दिवसाउजेडी आणि आमचा माणूस काठावर असताना. काशीदच्या किनाऱ्याला उतार जास्त आहे, तिथे आम्ही फक्त वाळूवर थांबतो. कोणी ओढीत सापडलाच तर किनाऱ्याकडे सरळ झुंजू नये, किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाहेर यावे आणि मग वळावे. वाचवायला साखळी करून सर्वांनी आत जाऊ नये.

प्रवास, जेवण आणि सामान

आपण नांदेड-पनवेल गाडीने पनवेलपर्यंत आणि तिथून बसने वडखळ, अलिबाग, रेवदंडामार्गे जातो. पावसाळ्यात जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात, म्हणून आमच्या सहली नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळातच असतात. थंडीतही तिथे दुपारी घाम येतो. आपल्याकडे सावलीत गेले की घाम वाळतो, तिथे दमट हवेमुळे वाळत नाही. तहान लागण्याची वाट न पाहता मीठ-साखर-लिंबाचे पाणी घेत राहावे आणि कपडे सुती असावेत.

जेवणात भात आणि तांदळाची भाकरी असते. ज्वारीची भाकरी तिथे मिळत नाही. ज्यांना तिच्याशिवाय चालत नाही त्यांनी पहिल्या दिवसापुरत्या दशम्या किंवा धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घ्यावी. माळकरी प्रवाशांचे जेवण वेगळ्या भांड्यांत, वेगळ्या ठिकाणी होते. नोंदणी अर्जात तशी खूण जरूर करावी, ऐनवेळी सांगितल्यास आमची अडचण होते. मासे खाणाऱ्यांनी पहिल्या रात्री बेताने खावे आणि सोलकढी चुकवू नये.

पट्ट्याची चप्पल आणावी, कारण अंगठ्याची चप्पल होडीतून उतरताना पायात राहत नाही. रोजच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या घ्याव्यात. होडीत मळमळणाऱ्यांनी राजपुरीला निघण्यापूर्वी पोट पूर्ण रिकामे ठेवू नये आणि भरपेटही जेवू नये.

परतताना सुपारी आणि कोकम घ्यायला वेळ राखून ठेवलेला आहे. सुकी मासळी घेणाऱ्यांनी घट्ट झाकणाचा डबा घरूनच आणावा. पिशवीत बांधलेले बोंबील गाडीच्या डब्यात ठेवता येणार नाहीत.