जीन एक्सप्रेशन बदलणं वेगळं आणि एपिजेनेटिक बदल वेगळा

बातम्यांमध्ये हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटतं दोन्ही एकच. तसं अजिबात नाहीये, आणि आजाराचा विषय निघाला की हा फरक चांगलाच महत्त्वाचा ठरतो.

जीन एक्सप्रेशन म्हणजे एखादा जीन या घडीला किती काम करतोय, त्याच्यापासून किती आरएनए आणि पुढे किती प्रोटीन बनतंय. इन्फेक्शन झालं की पांढऱ्या पेशींमधले सूज आणणारे जीन काही तासांत जोरात चालू होतात आणि धोका टळला की परत शांत होतात, हे शरीरात कायम चालूच असतं. एपिजेनेटिक बदलात डीएनएची अक्षरं तशीच राहतात, पण त्यांच्यावर किंवा डीएनए ज्या हिस्टोन प्रोटीनभोवती गुंडाळलेला असतो त्याच्यावर केमिकल खुणा लागतात, आणि त्यातल्या मिथाइल खुणा तर पेशीचं विभाजन झालं तरी नव्या पेशीत कॉपी होतात. थोडक्यात एक्सप्रेशन हा परिणाम, आणि एपिजेनेटिक खूण हे त्यामागच्या बऱ्याच कारणांपैकी एक.

आता कॅन्सरमध्ये बघा. ब्रेस्ट कॅन्सरच्या साधारण 15 ते 20 टक्के पेशंट्समध्ये हर-टू, म्हणजे पेशींना वाढायला सांगणारं एक प्रोटीन, खूप वाढलेलं असतं, पण ते बहुतेक वेळा पेशीत त्याच्या जीनच्याच जादा कॉपीज झाल्यामुळे, म्हणजे एक्सप्रेशन वाढलंय आणि कारण मात्र एपिजेनेटिक नाही.

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमधला एमएलएच-1 हा जीन तर मला यातलं सगळ्यात बोलकं उदाहरण वाटतं. डीएनए कॉपी होताना झालेल्या चुका दुरुस्त करायचं काम त्याचं. बायोप्सीच्या स्लाइडवर या जीनचं प्रोटीन दिसावं म्हणून स्टेन केलं की आजूबाजूच्या नॉर्मल पेशींची केंद्रकं तपकिरी दिसतात आणि ट्यूमरमधली कोरीच राहतात, म्हणजे प्रोटीन गायब. पण का गायब, ते स्लाइड सांगत नाही. काही जणांमध्ये आई किंवा वडिलांकडून आलेलं म्युटेशन, म्हणजे डीएनएच्या अक्षरांतलाच बदल, असतं, त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात, आणि मग प्रत्येक मुलाला ते मिळायची शक्यता 50 टक्के, भावंडांनाही तपासावं लागतं. पण बऱ्याच जणांमध्ये, खास करून वय झालेल्यांमध्ये, जीनच्या सुरुवातीच्या भागावर मिथाइल खुणा बसून तो फक्त ट्यूमरमध्ये बंद पडलेला असतो आणि हे सहसा मुलांकडे जात नाही. स्लाइड सारखीच, पण घरच्यांना द्यायची बातमी पूर्ण वेगळी! म्हणून पुढे ट्यूमरच्या मिथायलेशनची टेस्ट करतात.

औषधांच्या बाबतीत, म्युटेशन पुसून टाकणारी गोळी नाही, पण मिथाइल खुणा कमी करणारं औषध आहे, अझॅसिटिडिन, अमेरिकेत 2004 पासून मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोमसाठी (यात अस्थिमज्जेत रक्तपेशी नीट बनत नाहीत) मान्यता मिळालेलं. ते खुणा जीन बघून निवडून काढत नाही, सगळीकडूनच कमी करतं, हेही लक्षात ठेवायला हवं.

आणि ‘एपिजेनेटिक बदलांमुळे अमुक आजार होतो’ असं कुठे वाचलंत तर आधी विचारा, बदल आधी की आजार आधी? लठ्ठपणाचंच घ्या, 2017 साली ‘नेचर’मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासात रक्तातले मिथायलेशनचे फरक मुख्यतः वजन वाढल्यामुळे झालेले दिसले, त्यांच्यामुळे वजन वाढलं असं नाही.